सातबारा नसताना भाजीचा मळा: इंग्लंडमधल्या अलॉटमेंटची पहिली दोन वर्षं

अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाला लावायला वर्षाच्या भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, मिळाल्याचं पत्र आलं, त्यात प्लॉटचं माप ‘५ रॉड’ असं लिहिलं होतं. रॉड म्हणजे किती, हे मला ठाऊक नव्हतं. शोधल्यावर कळलं की एका एकरात १६० रॉड बसतात. आपल्याकडे एकराचे ४० गुंठे. म्हणजे चार रॉडचा बरोबर एक गुंठा होतो, आणि माझ्या वाट्याला सव्वा गुंठा आला होता. साताऱ्याला बाबांना फोन करून ‘सव्वा गुंठा’ म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे जागा लगेच उभी राहिली. “पाण्याचं काय?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

त्याला आता अकरा वर्षं झाली. दरवर्षी वसंत ऋतूत ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, आम्हालाही भाजी लावायची आहे, घराला बाग नाही, काय करू? मिडलँड्समधल्या, म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागातल्या, माझ्या प्लॉटवर जे शिकले ते इथे एकत्र लिहिते आहे. लंडनमध्ये किंवा वर यॉर्कशायरकडे राहत असाल तर तारखा आठवडा-दोन आठवडे मागेपुढे धरा.

ही जमीन असते कुणाची

बहुतेक अलॉटमेंट कौन्सिलच्या (आपल्या पालिकेसारखी स्थानिक संस्था) किंवा गावपातळीवरच्या पॅरिश कौन्सिलच्या मालकीच्या असतात, काही चर्चच्या किंवा खासगी मालकांच्या. पूर्ण प्लॉट परंपरेने १० रॉडचा, म्हणजे अडीच गुंठे किंवा साधारण २५० चौरस मीटर. आता बहुतेक ठिकाणी अर्धे आणि पाव प्लॉटही देतात. जमीन विकत घ्यायची नसते. वर्षाचं भाडं भरायचं आणि कसायची. मी अर्ध्या प्लॉटचे ४२ पौंड भरते, त्यात पाणी धरलेलं आहे. तुमच्याकडे हा आकडा बराच वेगळा असू शकेल.

ही काही कौन्सिलने मेहेरबानी म्हणून दिलेली सोय नाही. १९०८ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या कौन्सिलांवर, मागणी असेल तर अलॉटमेंट पुरवण्याची जबाबदारी टाकलेली आहे. लंडनच्या आतल्या भागातले बरो, म्हणजे तिथल्या कौन्सिल, त्याला अपवाद. १९२५ च्या कायद्यामुळे खास अलॉटमेंटसाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या परवानगीशिवाय कौन्सिलला विकता येत नाही. म्हणून अर्ज करतानाच विचारा की साइट, म्हणजे हे सगळे प्लॉट असलेली अख्खी जागा, कायमस्वरूपी आहे की तात्पुरती. तात्पुरत्या साइटवर फळझाडं लावून पाच वर्षांनी जागा सोडावी लागणं फार जिवाला लागतं. दुसऱ्या महायुद्धात लोकांनी स्वतःची भाजी पिकवावी म्हणून ‘विजयासाठी खणा’ ही मोहीम चालली तेव्हा देशात सुमारे १४ लाख प्लॉट होते. तुमच्या साइटवरची नळाची जुनी लाइन किंवा मोडकी शेड कदाचित त्याच काळातली असेल.

अर्ज आणि वाट पाहणं

सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की तुमची कौन्सिल आणि तिचा अर्ज सापडतो. नागरिकत्व लागत नाही. बहुतेक ठिकाणी त्या हद्दीत राहता याचा पुरावा पुरतो.

एकाच साइटचं नाव देऊ नका. घराजवळच्या सगळ्या साइट, शिवाय पॅरिश कौन्सिलची वेगळी यादी असेल तर तीही. लंडनमध्ये काही ठिकाणी वाट पाहण्यात वर्षं जातात, आणि तिथून वीस मैलांवरच्या गावात तीन महिन्यांत प्लॉट हाती येतो. अर्ध्या किंवा पाव प्लॉटची रांग बहुधा लवकर सरकते. अर्ज केल्यावर गप्प बसू नका. रविवारी सकाळी साइटच्या फाटकाशी जा, सेक्रेटरी कोण आहेत ते विचारा, स्वतःची ओळख करून द्या. मी असं तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला एका आजोबांनी विचारलं, गुडघे दुखतात, माझ्या प्लॉटच्या मागच्या टोकाला बटाटे लावशील का? माझा खरा प्लॉट मिळायच्या आधीचं अख्खं वर्ष मी त्यांच्याकडे उमेदवारी केली, आणि त्या वर्षी जे शिकले ते नंतर कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही.

प्लॉट बघायला जाल तेव्हा

कौन्सिल दोन-तीन रिकाम्या प्लॉटमधून निवड करायला सांगते. शक्य असेल तर जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी जा. पाणी कुठे साचतं ते तेव्हाच दिसतं.

नळ किती पावलांवर आहे ते मोजा. दोन झाऱ्या भरून नेताना साठ पावलं आणि दहा पावलं यांतला फरक जुलैमध्ये खांद्यांना कळतो. प्लॉटच्या दक्षिणेला मोठी झाडं किंवा उंच कुंपण असेल तर तो प्लॉट सोडा. इथला सूर्य हिवाळ्यात इतका खाली असतो की दक्षिणेच्या झाडाची सावली अख्ख्या प्लॉटवर पडते. उताराच्या अगदी तळाचा प्लॉटही टाळा, कारण थंड हवा खाली उतरून तिथेच साचते आणि उतारावर वरच्या बाजूला वाचली असती अशी रोपं तिथे गारठून मरतात. जुने गालिचे, काचा, पत्र्यांचे तुकडे पडलेत का ते पाहा. ॲस्बेस्टॉसचा संशय आला तर हात न लावता सेक्रेटरींना कळवा.

शेजाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: इथे कोबीला क्लबरूट येतो का? या रोगात मुळांना गाठी येऊन रोप बसतं, आणि त्याचे बीजाणू मातीत वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतात. असला तरी प्लॉट नाकारायचं कारण नाही. कोबीवर्गाची रोपं घरी कुंडीत मोठी करून लावायची आणि मातीत चुना घालायचा, एवढं आधीच माहीत असलेलं बरं.

आणि अर्धाच घ्या. पूर्ण मिळत असला तरी. अडीच गुंठे कागदावर लहान वाटतात, पण मे महिन्यात नोकरी आणि मुलं सांभाळून त्यातलं तण काढणं दोघांच्याही आवाक्याबाहेर जातं. आमच्या साइटवर दुसऱ्या वर्षी प्लॉट सोडून देणारे जवळजवळ सगळे पूर्ण प्लॉटवाले होते.

करारातल्या चार ओळी

करार नीट वाचा. पहिल्या वर्षात प्लॉटचा किती भाग लागवडीखाली हवा, शेड आणि पॉलिटनेल (प्लॅस्टिकचं बोगद्यासारखं हरितगृह) केवढे चालतात, होजपाइप चालतो का, शेकोटी कोणत्या महिन्यांत पेटवता येते, हे सगळं त्यात असतं. १९२२ च्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे इथलं पीक मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी असतं, तेव्हा भाजीचा धंदा काढता येत नाही. जास्तीची मेथी मंडळाच्या कार्यक्रमात वाटायला अर्थातच कुणाची हरकत नसते.

पहिले तीन महिने: झाका, खणू नका

इथे आमच्या हातून जी चूक झाली ती तुम्ही टाळा. पहिल्या मार्चमध्ये आम्ही रोटाव्हेटर भाड्याने आणला आणि एका शनिवारी अख्खा प्लॉट भुसभुशीत केला. संध्याकाळी ती काळी माती पाहून डोळे भरून आले होते. मे महिन्यात त्या मातीतून हजारो कोंब वर आले. प्लॉटमध्ये काउच ग्रास होतं, आपल्या हरळीच्या जातीचंच समजा, आणि पांढऱ्या भोंग्यासारख्या फुलांची बाइंडवीडची वेल. दोन्हींची मुळं जमिनीत दोरखंडासारखी पसरतात आणि मुळाच्या बोटभर तुकड्यातून नवं झाड उगवतं. यंत्राने आम्ही त्यांचे तुकडे करून सगळीकडे पेरून ठेवले होते.

आता नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते:

१. उंच वाढलेलं गवत आणि काटेरी ब्रॅम्बल विळ्याने किंवा स्ट्रिमरने जमिनीलगत कापा.

२. प्लॉटचे चार भाग करा. एका भागात पहिल्या वर्षी भाजी लावायची. उरलेले तीन काळ्या जाड प्लॅस्टिकने किंवा विणलेल्या तणरोधक कापडाने झाका, कडा विटांनी दाबा. वारा इथे फार असतो. नुसत्या चार विटांनी भागत नाही. जुने गालिचे वापरू नका, त्यांतले रंग आणि धागे मातीत उतरतात आणि बऱ्याच साइटवर त्यांना बंदी आहे.

३. उघड्या भागात वाफे आखा. वाफा चार फुटांहून रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि मातीवर पाय द्यावा लागत नाही. मधल्या वाटा दीड-दोन फुटांच्या. वाटांवर लाकडाच्या ढलप्या टाका. झाडं तोडणारे कामगार त्या बऱ्याच साइटवर फुकट आणून टाकतात.

४. वाफ्यात साधं तण असेल तर पुठ्ठा अंथरा. चिकटपट्टी आणि पिना काढून टाका, गुळगुळीत छपाईचा पुठ्ठा नको. पुठ्ठे एकमेकांवर वीतभर चढवा, भिजवा, वर चार ते सहा इंच कंपोस्ट घाला आणि लगेच लागवड करा. बाइंडवीड किंवा काउच असेल तर त्या एका वाफ्यापुरतं काटे असलेल्या फोर्कने हलक्या हाताने मुळं अख्खी उपसा आणि बादलीत टाका. ही मुळं कंपोस्टच्या ढिगात कधीही नको.

हॉर्सटेल नावाचं ब्रशसारखं दिसणारं तण असेल तर त्याची मुळं माणसाच्या उंचीइतकी खोल असतात. ते संपत नाही. दर आठवड्याला वरचा कोंब खुडत राहिलं की दोन-तीन वर्षांत त्याचा जोर ओसरतो, आणि तोवर त्याच्याच शेजारी भाजी छान येते.

झाकलेले भाग वर्षभर तसेच राहू द्या. त्यांवर एकच गोष्ट करता येते: जूनमध्ये प्लॅस्टिकला फुलीसारखी चीर देऊन त्यात लाल भोपळ्याचं रोप लावायचं. वेल वर पसरतो, खाली तण मरतं.

माती, खत आणि एक सावधगिरी

मिडलँड्समध्ये बहुतेक ठिकाणी चिकणमाती आहे. तिला वाफसा कधी येतो हे ओळखायला शिका. मूठभर माती दाबून सोडली आणि तिचा चिखलाचा गोळाच राहिला तर त्या दिवशी खुरपं बाजूला ठेवा. गोळा बोटाने टोचल्यावर फुटला की वाफसा आला. मार्चमधल्या उन्हाला भुलून ओल्या मातीत काम केलं की उन्हाळ्यात तिची वीट होते.

कौन्सिलचं हिरव्या कचऱ्याचं कंपोस्ट, घरचं कंपोस्ट, पोती भरून मिळणारं, कुठलंही चालतं. घोड्याचं शेणखत जवळच्या तबेल्यातून फुकट मिळतं आणि ते उत्तम असतं, पण वापरण्याआधी तपासा. काही कुरणांवर अमिनोपायरॅलिड हे तणनाशक फवारलेलं असतं. ते गवतातून जनावराच्या पोटात आणि तिथून शेणात जसंच्या तसं उतरतं, आणि असं खत घातलेल्या वाफ्यात टोमॅटो, बटाटा, सगळ्या शेंगा वाकड्या होऊन मरतात. तपासणी घरच्या घरी होते. तीन कुंड्यांत खत आणि कंपोस्ट निम्मं-निम्मं, तीन कुंड्यांत नुसतं कंपोस्ट भरा, सगळ्यांत ब्रॉड बीन्स (पावट्यासारखे, पण मोठ्या दाण्याचे) पेरा. तीन-चार आठवड्यांत खताच्या कुंडीतली पानं आत वळून फर्नसारखी दिसू लागली तर ते खत परत करा.

उजेडाचं गणित

हा भाग मी सगळ्यांत सावकाश लिहिणार आहे, कारण आपल्या माणसांची निराशा इथेच होते. पहिल्या वर्षी कोथिंबीर आठवड्यात फुलावर जाते, मुळ्याला मुळाच येत नाही, वालाचा वेल शेडच्या छपरावर चढतो पण एक शेंग देत नाही. मग आपण म्हणतो, इथे थंडी आहे, आपल्या भाज्या यायच्या नाहीत. थंडीचा दोष त्यात थोडाच. मुख्य कारण दिवसाची लांबी.

पुण्या-मुंबईत २१ जूनला दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांचा. वर्षभरात फरक जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा. लंडनमध्ये २१ जूनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरातला आठ तासांहूनही लहान. झाडं तापमानासोबत हा उजेडही मोजत असतात. काही झाडांना दिवस मोठा झाला की बी धरायची घाई होते. काहींना दिवस आखूड झाल्याशिवाय फूलच येत नाही. हे एकदा लक्षात आलं की आपली भाजी कधी पेरायची याचं वेळापत्रक आपोआप बदलतं.

कोथिंबीर, पालक आणि मुळा मोठ्या दिवसाला फुलावर जाणारे. पालकाला साधारण चौदा तासांच्या पुढचा दिवस लागला की तो तुरा काढतो. म्हणून कोथिंबीर एप्रिलमध्ये एकदा आणि खरी पेरणी ऑगस्टमध्ये. मधल्या काळात हवीच असेल तर अर्ध्या सावलीत दर तीन आठवड्यांनी थोडी-थोडी. मसाल्याच्या डब्यातले अख्खे धणे चालतात. लाटण्याने हलके दाबून दोन डाळी वेगळ्या करा. मुळा जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत पेरा, ऑक्टोबरात हातभर लांब मुळे निघतात आणि त्यांचा पाला वेगळा. पालकाच्या जागी उन्हाळ्यात परपेच्युअल स्पिनच किंवा चार्ड लावा. दोन्ही बिटाच्या कुळातले, वर्षभर तुरा न काढता पानं देतात. डाळ घातलेल्या पातळ भाजीत फरक फारसा कळत नाही.

वाल, पावटा यांची आपल्याकडची जुनी वाणं आखूड दिवसाची. इथे दिवस आखूड होईपर्यंत सप्टेंबरअखेर येते, फुलं लागतात आणि पाठोपाठ थंडी. त्यांच्यासाठी जागा अडवू नका. ब्रॉड बीन्स लावा. सोललेल्या दाण्याची, आलं-खोबरं घातलेली उसळ करून पाहा. पावट्याची आठवण नक्की येते. मात्र घरात कुणाला जी६पीडी या विकराची कमतरता असेल तर त्यांना ब्रॉड बीन्स देऊ नका, त्यांच्यासाठी ते धोक्याचे आहेत.

कांद्याचंही तेच. नाशिककडची वाणं बारा तासांच्या आसपासच्या दिवसाला कांदा भरतात. इथे एप्रिलमध्येच दिवस त्याच्या पुढे गेलेला असतो, रोप लहान असतानाच कांदा धरायला लागतं आणि गोटीएवढाच राहतो. इथल्या दुकानातले छोटे कांदे, ज्यांना सेट म्हणतात, ते मार्च-एप्रिलमध्ये लावा.

याच ओघात एक सांगते. गावाहून बियांची पुडी बॅगेत टाकून आणायचा मोह होतो. पेरणीचं बी आणायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय आणणं बेकायदेशीर आहे. आणि वर सांगितलेल्या कारणाने त्यातलं बरंच बी इथे फळणारही नाही.

पहिल्या वर्षी काय लावावं

मेथी सगळ्यांत आधी, म्हणजे हुरूप येतो. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कधीही. डब्यातले मेथीदाणे दाट फेकून पेरा, वर अर्धा सेंटिमीटर माती, चार-पाच आठवड्यांत मुळासकट उपटून जुडी बांधा. मार्चच्या गार ओल्या मातीत टाकली तर कुजते. शेपू इथे विलक्षण जोमाने येतो, एप्रिलपासून जुलैपर्यंत थोडा-थोडा पेरत राहा. लाल माठ जूनमध्ये, माती कोमट झाल्यावर. चुक्याच्या जागी सॉरेल. एकदा लावलं की वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी येत राहतं.

बटाटा हे नव्या जमिनीचं पीक. फेब्रुवारीत बेण्याचे बटाटे अंड्याच्या खोक्यात उभे ठेवून खिडकीत कोंब येऊ द्या. मार्चअखेर ‘फर्स्ट अर्ली’ वाणं फुटाफुटावर, दोन ओळींत दोन फूट. कोंब वर आले की मातीची भर देत जा, म्हणजे फ्रॉस्टपासूनही, रात्री गोठणाऱ्या दंवापासूनही, वाचतात. दहा-बारा आठवड्यांत काढणी. उशिराची वाणं पहिल्या वर्षी लावूच नका. त्यांना ऑगस्टमधला करपा गाठतो.

नवलकोल इथे इतका सुंदर येतो की पुण्याच्या मंडईतला आठवू नये. मार्चपासून जुलैपर्यंत पेरा, चेंडूएवढा झाला की काढा, पाला टाकू नका. फरसबी आणि रनर बीन्स (फरसबीसारख्याच, उंच वेलावरच्या लांब शेंगा) मेच्या मध्यानंतर थेट जमिनीत. रनर बीन्स कोवळ्या असतानाच तोडा आणि नेहमी शिजवूनच खा.

कूर्जेट (झुकिनी, काकडीसारखा दिसणारा कोवळा भोपळा) आणि लाल भोपळ्याची रोपं एप्रिलअखेर घरात खिडकीशी करा आणि मेच्या शेवटी प्लॉटवर न्या. दक्षिणेत शेवटचा फ्रॉस्ट मेच्या मध्यापर्यंत पडू शकतो, उत्तरेत मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीपर्यंत. १० मे ला कडक ऊन असलं तरी थांबा. एका रात्रीत सगळी रोपं काळी पडलेली मी दोनदा पाहिली आहेत. कूर्जेटचे दोन वेल चार माणसांच्या घराला पुरून उरतात. भोपळ्याची नरफुलं तोडून त्यांची भजी करता येतात, मागे देठाला फळ नसलेली तेवढी निवडायची.

दुधी, कारलं, भेंडी, मिरची हे पॉलिटनेलचं काम. टनेल नसेल तर पहिल्या वर्षी मनातून काढून टाका आणि मिरची घरात दक्षिणेच्या खिडकीत कुंडीत वाढवा. तिचं बी फेब्रुवारीतच पेरावं लागतं. पुढे टनेल झाल्यावर दुधी लावाल तेव्हा लक्षात ठेवा, त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. त्या वेळी आत मधमाशी नसते. नरफूल तोडून पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचं. चौथ्या वर्षी माझा पहिला दुधी असा धरला, आणि त्या दिवशी घरी जाऊन मी आईला व्हिडिओ कॉलवर तो दाखवला.

बऱ्याच प्लॉटवर आधीच्या माणसाने लावलेली रुबार्ब असते. तिचे लाल देठ आमटीत कैरीसारखे आंबट लागतात. पानं मात्र विषारी. अळूसारखी वाटली तरी कढीत घालू नका.

गोगलगायी, कबुतरं, करपा

शंख नसलेल्या गोगलगायींना इथे स्लग म्हणतात, आणि पावसाळी मे महिन्यात त्या एका रात्रीत मेथीचा अख्खा वाफा फस्त करतात. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्यांवर एप्रिल २०२२ पासून बंदी आहे. शेडमध्ये जुना डबा सापडला तर तो वापरू नका, कौन्सिलच्या घातक कचऱ्यात द्या. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात. पाण्यातून घालायचे नेमाटोड, म्हणजे स्लगना मारणारे सूक्ष्म जंत, मिळतात, माती पाच अंशांच्या वर असली की ते काम करतात. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे रात्री दहाला टॉर्च आणि बादली घेऊन जाणं. लावलेलं रोप जितकं मोठं तितकं ते वाचतं, म्हणून कोबी, नवलकोल, कूर्जेट थेट पेरण्यापेक्षा घरी रोपं करणं बरं.

कोबीवर्गावर पहिल्या दिवसापासून जाळी हवी. कबुतरं वर्षभर आणि पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या उन्हाळाभर. जाळी पानांना टेकू देऊ नका, टेकली की फुलपाखरू जाळीवर बसून अंडी घालतं.

उघड्यावरच्या टोमॅटोला आणि बटाट्याला जुलै-ऑगस्टच्या उबदार दमट हवेत करपा येतो. पानांवर तपकिरी डाग दिसले की बटाट्याचा पाला त्याच दिवशी जमिनीलगत कापा, दोन आठवड्यांनी बटाटे काढा. कापलेला पाला साइटवर ठेवू नका, शेजाऱ्यांचं पीक त्याने जातं.

पाणी

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. साइटचा नळ नोव्हेंबर ते मार्च बंद असतो, पाइप गोठून फुटू नयेत म्हणून. शेडच्या छपराला पन्हळ लावून खाली पिंप ठेवा. उन्हाळ्यात रोज थोडं शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा मुळाशी भरपूर द्या. कूर्जेट, भोपळ्याला आपल्यासारखी आळी करा. आमच्या साइटवर आळं पाहून दोघांनी विचारलं आणि आता त्यांच्या प्लॉटवरही आहेत.

भारतवारी

शाळांना सुट्टी जुलैच्या शेवटी लागते आणि आपण चार आठवडे गावी जातो. नेमकं तेव्हाच प्लॉटवर सगळं पिकायला येतं. याचा विचार जानेवारीत, बियाणं मागवतानाच करा. जाणार असाल तर लवकरचे बटाटे, ब्रॉड बीन्स, लसूण, म्हणजे जुलैपर्यंत हाती येणारं. आणि कांदा, भोपळा, म्हणजे आपली वाट पाहू शकणारं, एवढंच लावा. रनर बीन्स आणि कूर्जेट रोज तोडावे लागतात, ते शेजाऱ्यांना सांगा: तोडा आणि खा. निघण्याआधी रिकाम्या वाफ्यांवर पुठ्ठा टाका. सेक्रेटरींना तारखा लेखी कळवा, कारण ऑगस्टमध्ये पाहणी होते आणि तण माजलेलं दिसलं तर नोटीस येते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा प्लॉट अशा दोन नोटिसांनंतर गेला. एक ईमेल केली असती तर वाचला असता.

एरवी अर्ध्या प्लॉटला मे-जूनमध्ये आठवड्याला पाच-सहा तास लागतात, हिवाळ्यात महिन्यातून दोन फेऱ्या पुरतात. दोन तासांच्या दोन खेपा एका लांब शनिवारापेक्षा कितीतरी बऱ्या.

यादीच बंद असेल तर

कौन्सिलने ‘यादी बंद’ म्हटलं तरी मार्ग आहेत. १९०८ च्या कायद्याखाली मतदार यादीत नाव असलेले किंवा कौन्सिल टॅक्स भरणारे सहा स्थानिक रहिवासी एकत्र येऊन कौन्सिलला लेखी मागणी करू शकतात, आणि कौन्सिलला ती विचारात घ्यावी लागते. भारतीय पासपोर्ट असला तरी इथल्या मतदार यादीत नाव नोंदवता येतं. सहा मराठी घरं एका गावात सापडणं आता अवघड नाही. तोवर सामुदायिक बागेत जा, तिथे वाफा स्वतःचा नसतो पण हात मातीत राहतो. किंवा माझ्यासारखं, गुडघे दुखणारे कुणी आजोबा शोधा.

ऑक्टोबर

इथलं लागवडीचं वर्ष खरं सुरू होतं ते ऑक्टोबरात, तेव्हा प्लॉट शरद ऋतूत मिळाला तर वसंताची वाट पाहू नका. लसूण लावा. भाजीच्या दुकानातला नको, इथल्या हवेसाठी विकला जाणारा बेण्याचा लसूण घ्या. गड्डा फोडून मोठ्या पाकळ्या निवडा, लहान फोडणीला ठेवा. टोक वर करून इंचभर खोल, वीतभर अंतरावर. गड्ड्यात पाकळ्या वेगळ्या होण्यासाठी त्याला महिना-दोन महिने कडाक्याची थंडी लागते, ती इथे फुकट आहे. कोंब वर येईपर्यंत जाळी घाला, नाहीतर पक्षी पाकळ्या ओढून काढतात. नोव्हेंबरात शेजारच्या वाफ्यात ब्रॉड बीन्सचं ‘अक्वाडुल्से क्लॉडिया’ हे वाण दोन इंच खोल पेरा, ते बर्फातही तग धरतं. जूनमध्ये शेंगा येतील, जुलैमध्ये लसणाची खालची पानं पिवळी पडू लागली की एक गड्डा उकरून बघा. पाकळ्या भरलेल्या दिसल्या की कोरड्या दिवशी सगळा काढा आणि वेण्या घालून शेडमध्ये टांगा.